महेश्वर फेरीसाठी सीएनजी जनरेटर: वर्कशॉपची वही

५ जानेवारी २०२५, रविवार

आजपासून या कामाची वही वेगळी ठेवतेय, कारण पॅनलच्या कामांच्या वहीत लिहिलं की नंतर काहीच सापडत नाही.

काम असं. माझा चुलत भाऊ छोटा इलेक्ट्रिक ट्रक चालवतो, २१ युनिटची बॅटरी, इंदूरहून नमकीन आणि सूत घेऊन महेश्वरला जातो आणि तिकडून साड्यांचे पार्सल घेऊन येतो. जाऊन-येऊन १८४ किलोमीटर. एका चार्जमध्ये हे होत नाही, म्हणून महेश्वरला एका ओळखीच्यांच्या दुकानात १५ अँपियरच्या प्लगला गाडी लावून तीन-साडेतीन तास बसून राहतो. म्हणाला, ताई तू एवढे पॅनल बनवतेस, मोटर वाइंडिंग करतेस, माझ्या गाडीत एक छोटा जनरेटर बसवून दे ना, चालता चालता चार्ज होत राहील.

मी त्याला लगेच हो म्हटलं नाही. आधी दोन गोष्टी स्पष्ट केल्या. एक, चालत्या गाडीत आपल्या मनाने इंजिन बसवता येत नाही, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे मंजुरीशिवाय गाडीत असा बदल चालत नाही, आणि सीएनजीचं सिलिंडर म्हणजे खेळ नाही. तेव्हा गाडीला हात लावायचा नाही, आधी सगळं आपल्या सांवेर रोडच्या वर्कशॉपच्या अंगणात बेंचवर करून बघायचं. दुसरं, आधी मला मोजमाप पाहिजे. गाडी कुठे किती वीज खाते ते कळल्याशिवाय जनरेटर केवढा हवा ते सांगताच येत नाही.

९ जानेवारी

करंट सेन्सर, व्होल्टेज आणि जीपीएस एका डब्यात बसवले, दर सेकंदाला नोंद होते. ड्रायव्हरच्या सीटखाली ठेवायला दिला. गाडीच्या वायरिंगला कुठेही कापलेलं नाही, सेन्सर केबलवर नुसता क्लॅम्प केलाय.

१४ जानेवारी, संक्रांत

तिळगूळ झाल्यावर बाबांना सगळं समजावून सांगत होते. बाबा महूच्या लोको शेडमधून रिटायर झालेत, आयुष्यभर मीटर गेजची वायडीएम-४ इंजिनं पाहिलीत. मी आपली सांगतेय की यात इंजिन चाकांना जोडलेलंच नसतं, इंजिन फक्त जनरेटर फिरवतं, जनरेटरची वीज मोटरला आणि बॅटरीला जाते. तर बाबा म्हणाले, "अगं मग हे आमचंच इंजिन झालं की, फक्त तुझ्यात बॅटरी आहे."

आणि हे अगदी खरं आहे. डिझेल लोको म्हणतो आपण, पण त्याचं डिझेल इंजिन चाकं फिरवतच नाही, ते जनरेटर फिरवतं आणि चाकांवर ट्रॅक्शन मोटरा असतात. पातालपानी-कालाकुंडच्या हेरिटेज ट्रेनमध्ये बसलेल्या प्रत्येकाने हे चालताना बघितलंय, फक्त माहीत नव्हतं. फरक एवढाच की लोकोत साठवण नाही, घाटाला जेवढी ताकद पाहिजे तेवढी त्याच क्षणी इंजिनाने दिलीच पाहिजे, म्हणून इंजिन भलंमोठं लागतं. मधे बॅटरी आली की इंजिन लहान चालतं. सगळी गंमत त्या मधल्या बॅटरीत आहे.

कल्पनाही नवीन नाही. फर्डिनांड पोर्शेने १९०० च्या सुमारास अशी गाडी केली होती, पेट्रोल इंजिनांवर जनरेटर आणि चाकांच्या हबमध्ये मोटरा. सव्वाशे वर्षं झाली.

१९ जानेवारी

चार फेऱ्यांचा डेटा आला. रात्री बसून एक्सेलमध्ये टाकला. हे नीट लिहून ठेवते कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे.

गाडी मालासकट साधारण १८०० किलो. सपाटीवर ४० ते ४५ च्या स्पीडला किलोमीटरला ०.१४ युनिट. जाताना मानपूरच्या पुढे घाट उतरतो, खाली नर्मदेच्या पट्ट्यात जाईपर्यंत जीपीएसप्रमाणे ३८० मीटर उतार, तिथे ब्रेकिंगमधून पाऊण युनिटच्या आसपास परत मिळतं. जातानाचा खर्च ११.४ युनिट. येताना तोच घाट चढायचा, म्हणून १५.१. एकूण साडेसव्वीस. बॅटरीतून खात्रीने वापरता येतात १९. म्हणजे कमी पडतात साडेसात, आणि घरी पोचताना दोन युनिट शिल्लक हवीत म्हणून धरायचे साडेनऊ-दहा.

आता महत्त्वाचं. चढावर ३० च्या स्पीडला गाडी १३ ते १४ किलोवॅट ओढते. पण पूर्ण फेरीची सरासरी काढली तर फक्त ६ किलोवॅट. भाऊ म्हणत होता की घाटात गाडी दम खाते म्हणून जनरेटर मोठा पाहिजे, १५ किलोवॅटचा. नाही पाहिजे. तेरा-चौदाचा झटका बॅटरी देते, ते तिचं काम आहे. जनरेटरने फक्त सरासरीतली तूट भरायची, आणि साडेचार तासात दहा युनिट म्हणजे दोन-सव्वादोन किलोवॅट सुद्धा कागदावर पुरतात. मी ४ धरतेय, कारण तो पूर्ण वेळ चालू ठेवावा लागू नये.

मोठ्या कंपन्याही हाच हिशोब करतात. अमेरिकेत रॅमने जो पिकअप २०२३ मध्ये रॅमचार्जर या नावाने जाहीर केला त्यात ३.६ लिटरचं व्ही-सिक्स इंजिन आहे, ते चाकांना जोडलेलं नाही, १३० किलोवॅटचा जनरेटर फिरवतं, बॅटरी ९२ युनिटची, आणि मोटरा मिळून ६६३ हॉर्सपॉवर म्हणजे ४९० किलोवॅटच्या घरात. मोटरांच्या चौथ्या हिश्श्याएवढा जनरेटर. जड ट्रेलर ओढायला एवढं लागतं, आपल्याला नमकीन ओढायचंय.

२५ जानेवारी

पहिला प्रयोग सगळ्यात सोप्या पद्धतीने केला. लग्नात लाइटवाले आणतात तसला पोर्टेबल पेट्रोल जनरेटर भाड्याने आणला, त्याला गाडीचा चार्जर लावला, चार्जर २४ सेलच्या पॅकवर. (पॅक माझा नाही, सोलरवाल्या मित्राचा उसना आहे, २८० अँपिअर-आवरचे एलएफपी म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटचे सेल, २१.५ युनिट, म्हणजे गाडीएवढाच. एप्रिलमध्ये परत करायचाय.)

चाललं. पण एक लिटर पेट्रोलमध्ये बॅटरीत पडले फक्त १.६ युनिट. पेट्रोलमध्ये लिटरला जवळजवळ ९ युनिटची ऊर्जा असते, त्यातले १.६ हातात. कारण शोधायला लांब जायला नको. ५० हर्ट्झसाठी इंजिनाला ३००० आरपीएमवर बांधून ठेवलंय, लोड कमी असो की जास्त, आणि मग ती एसी वीज परत चार्जरमध्ये डीसी करायची. बॅटरीला ५० हर्ट्झशी काही देणंघेणं नाही. जनरेटरमधून निघेल ती वीज सरळ डीसी केली की इंजिनाला पाहिजे त्या आरपीएमवर चालवता येतं, जिथे ते सगळ्यात कमी इंधन खातं तिथे.

तर हा मार्ग बंद. ऑटोरिक्षाचं सीएनजी इंजिन आणि ७२ व्होल्टची बीएलडीसी (बिनब्रशची डीसी) मोटर उलटी जनरेटर म्हणून वापरायची.

१ फेब्रुवारी

सेकंडहँड सीएनजी रिक्षाचं इंजिन मिळालं, एक सिलिंडर, कॉम्प्रेशन चांगलं आहे. मोटर ५ किलोवॅटची मिड-ड्राइव्ह. तीच मोटर स्टार्टर म्हणून पण वापरणार, कंट्रोलरने आधी ती इंजिनाला फिरवते, इंजिनाने पेट घेतला की कंट्रोलर उलटा, म्हणजे रिजनमध्ये (मोटरकडून वीज परत घ्यायच्या मोडमध्ये) टाकायचा आणि करंट बॅटरीकडे यायला लागतो. वेगळा स्टार्टर नाही, वेगळा डायनॅमो नाही.

सगळं अंगणात मांडलं, शेडच्या आत नाही. मिथेन हवेपेक्षा हलका असतो, गळला तर वर जातो आणि पत्र्याखाली साठून राहतो. वर्कशॉपच्या मुलांना सांगितलंय की सिलिंडरचा व्हॉल्व्ह मी उघडीन, बाकी कोणी नाही.

६ फेब्रुवारी

इंजिन आणि मोटर जोडणाऱ्या कपलिंगचा रबरी स्पायडर, म्हणजे मधला दातेरी तुकडा, दुसऱ्यांदा तुटला. सियागंजहून आणलेला, साइज बरोबर होता, कॅटलॉगमध्ये टॉर्क पण दुप्पट लिहिलेला. पण तो टॉर्क सरळ येणारा. आमचं इंजिन एक सिलिंडर फोर-स्ट्रोक, दोन चक्करमध्ये एकदा धक्का देतं, बाकी वेळ मोटरच त्याला ओढत असते. म्हणजे रबर प्रत्येक चक्करला आधी एकीकडे आणि मग दुसरीकडे पिळलं जातं.

बाबांनी येऊन हात लावून पाहिलं आणि म्हणाले फ्लायव्हील कुठाय. रिक्षाच्या मूळ फ्लायव्हीलचं वजन क्लचसकट असतं, तो क्लच मी काढून टाकला होता ना. आता साडेचार किलोची डिस्क टर्नरकडे करायला टाकलीय.

१२ फेब्रुवारी

फ्लायव्हील बसवलं. कपलिंग थंड, आवाजही बदलला, आधी खडखड होती आता गुरगुर आहे. पहिल्यांदा ४ किलोवॅट सलग वीस मिनिटं बॅटरीत गेले. अँपमीटरवर ५२ चा आकडा स्थिर बघताना मला जे वाटलं ते इथे लिहीत नाही, पण मुलांना पोहे-जिलबी आणून खाऊ घातली.

१५ फेब्रुवारी

आजचा दिवस फक्त मोजणीचा. सिलिंडर काट्यावर ठेवून, तेच ४ किलोवॅट वेगवेगळ्या आरपीएमवर. प्रत्येक वेळी अर्धा तास.

२६०० ला इंजिन पूर्ण थ्रॉटलवर जाऊन दबतं, चालूच शकत नाही नीट, मधेच आचके देतं. ३३०० ला एका युनिटला ३६० ग्रॅम गॅस. ४२०० ला ४२० ग्रॅम. आणि मग सगळ्यात शिकवणारी मोजणी, ३३०० लाच ठेवून लोड फक्त दीड किलोवॅट केला, तर एका युनिटला ५८० ग्रॅम!

हे का होतं ते पोरांना समजावलं, इथेही लिहिते. पेट्रोल किंवा सीएनजी इंजिनात कमी ताकद हवी तर थ्रॉटल मिटवतो, म्हणजे हवेचं नाक दाबतो. मग पिस्टनला प्रत्येक श्वास जोर लावून ओढावा लागतो, तो जोर वाया. शिवाय इंजिनाचं स्वतःचं घर्षण तेवढंच राहतं, दीड किलोवॅट दिले काय आणि चार दिले काय. म्हणून लहान इंजिनाकडून सत्तर-ऐंशी टक्के टॉर्क घेतला तर ते सगळ्यात काटकसरीने चालतं. साधी रिक्षा गर्दीत चालते तेव्हा दिवसभर त्या ५८० वाल्या भागातच असते, थांब, निघ, परत थांब. रेंज एक्सटेंडरचं, म्हणजे आपल्यासारख्या चालता चालता बॅटरी भरणाऱ्या जनरेटरचं, इंजिन एकतर त्या ३६० वाल्या जागेवर चालू असतं नाहीतर पूर्ण बंद. त्याला राजवाड्याची गर्दी लागत नाही, गर्दी मोटर आणि बॅटरी सोसतात.

३६० ग्रॅमला एक युनिट म्हणजे किलोला २.८. सीएनजीच्या किलोत सव्वातेरा-साडेतेरा युनिटची ऊर्जा धरली तर २१ टक्के हातात आले. बाकीचे ७९ टक्के उष्णता. ४ किलोवॅट वीज काढताना १५ किलोवॅट नुसती उष्णता बाहेर टाकायची आहे, निम्मी सायलेन्सरमधून आणि निम्मी इंजिनाच्या अंगातून. उघड्या अंगणात हे कळत नाही. ट्रकखाली डब्यात बंद केलं की कळेल. ब्लोअर मोठा लागेल.

१८ फेब्रुवारी

नुकसान झालं. पॅक जवळजवळ भरलेला होता, एक सेल बाकीच्यांच्या आधी वर गेला, बीएमएसने (सेलवर लक्ष ठेवणाऱ्या सर्किटने) बरोबरच चार्जिंग तोडलं. पण इंजिन पूर्ण ताकदीने चालू. बॅटरी होती तोवर व्होल्टेज तिने धरून ठेवलं होतं, ती बाजूला झाली आणि ५२ अँपिअर जायला जागाच नाही, एका क्षणात व्होल्टेज कुठल्या कुठे. कंट्रोलरचे सहा मॉसफेट, म्हणजे करंट चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर, गेले. आवाज फटाक्यासारखा आला, मुलगा ओरडला "दीदी गैस बंद करो", मी व्हॉल्व्ह बंद केला. कुणाला काही लागलं नाही.

चूक क्रमाची होती आणि क्रम मी ठरवला होता. बीएमएसने सरळ कॉन्टॅक्टर (बॅटरी जोडणारा-तोडणारा मोठा स्विच) तोडायचा नाही. आधी इग्निशन बंद, मग रिजन करंट शून्यावर, मग कॉन्टॅक्टर. आणि हे सगळं फसलं तरी डीसी बसवर, म्हणजे कंट्रोलर आणि बॅटरीमधल्या मुख्य लाइनवर, एक रेझिस्टर असा पाहिजे की ९० व्होल्टच्या वर गेलं की आपोआप जोडला जाईल आणि ती वीज जाळून टाकील. बाबा म्हणाले लोकोमध्ये पण असंच, लोड सुटला की गव्हर्नरने इंजिन आधी आवरलं पाहिजे.

२२ फेब्रुवारी

नवा कंट्रोलर. बीएमएसची तार आता इग्निशन रिलेला जाते. मुद्दाम पंचवीस वेळा तोडून पाहिलं. बसवर जास्तीत जास्त ९३ व्होल्ट.

२३ फेब्रुवारी

आता घाट अंगणात आणायचा आहे. म्हणजे भावाच्या फेरीचा डेटा जसाच्या तसा बॅटरीवर लोड म्हणून चालवायचा, सेकंदाला सेकंद जमला नाही तरी मिनिटाला मिनिट.

आधी वाटलं गिझरचे रॉड पाण्याच्या ड्रममध्ये सोडू. २ किलोवॅटचा रॉड २३० व्होल्टवर २ किलोवॅट असतो, ७७ व्होल्टवर तो सव्वादोनशे वॅटच देतो, कारण ताकद व्होल्टेजच्या वर्गाने कमी होते. तेरा किलोवॅटला असे साठ रॉड लागले असते. पोलोग्राउंडच्या एका हीटरवाल्यांकडून ७७ व्होल्टला २ किलोवॅट पडेल असे सात रॉड बनवून घेतले, त्यांनी विचारलं एवढ्या कमी व्होल्टेजचा गिझर कुठे लावताय. सांगितलं, मानपूरचा घाट बनवतोय. त्यांनी पाहिलं नुसतं.

ड्रम २०० लिटरचा, नळ बारीक चालू ठेवलाय, नाहीतर एका फेरीत पाणी उकळेल.

१ मार्च

पहिली पूर्ण फेरी. जनरेटर कधी चालू करायचा ते मी सगळ्यांना सुचेल तसंच ठेवलं, बॅटरी १० टक्क्यांवर आली की चालू. तर्क असा की आधी स्वस्त वीज संपवावी, गॅस अगदी गरजेलाच.

काय झालं ते. जाताना काही प्रश्न नाही. महेश्वर सोडताना साडेसात युनिट बाकी. धामनोदपर्यंत पावणेसहा. मग घाट, सातही रॉड चालू, १७० अँपिअर. दहा टक्के आले ते बरोबर चढाच्या मधोमध. जनरेटर चालू झाला, त्याने दिले चार, घाट मागतोय तेरा. बाकीचे नऊ रिकाम्या होत आलेल्या बॅटरीतून. रिकामी बॅटरी आणि मोठा करंट म्हणजे व्होल्टेज खाली बसणारच, १७ नंबरचा सेल सगळ्यांच्या आधी बसला आणि बीएमएसने लोड कापला. गाडीत असतं तर तिथे कंट्रोलरने ताकद कमी करून गाडी रांगत चालवली असती. गणपती घाटात, मागे भरलेले ट्रेलर असताना.

मी लोड अर्ध्यावर आणून कशीतरी वर चढवली, तर पुढे सपाटीवर सहा किलोवॅटच्या खर्चाला चारचा पुरवठा, राऊच्या आसपास बॅटरी शून्य.

जनरेटर बिघडला नव्हता. गॅसही शिल्लक होता. तरी गाडी घरी आली नाही.

२ मार्च

रात्रभर तेच डोक्यात. सकाळी बाबांना आलेख दाखवला. त्यांनी चष्मा लावून नीट पाहिला, आणि विचारलं, "कालाकुंडला बँकर कुठे लागायचा?"

मला लहानपणी पाहिलेलं आठवतं. खंडव्याकडून येणारी गाडी कालाकुंडला थांबायची, तिथे मागून दुसरं इंजिन लागायचं, ढकलत पातालपानीपर्यंत न्यायचं. १ इन ४० चा, म्हणजे ४० मीटरला १ मीटर चढ आहे तो. बाबा म्हणाले, "चढाच्या मधे गाडी अडकल्यावर बँकर पाठवायचा असं कधी झालंय का? तो पायथ्यालाच लागतो. गाडी दमली नसते तेव्हाच लागतो."

बस एवढंच. आमचा जनरेटर घाटातल्या तेराला पुरणार नाही हे मला १९ जानेवारीला माहीत होतं, लिहिलंय वर. मग तो घाटात चालू करून काय उपयोग, घाट येईपर्यंत बॅटरीत साठवून ठेवलं पाहिजे होतं.

आणि ही चूक मोठमोठ्यांकडे पण दिसलीय. बीएमडब्ल्यूच्या आय-थ्री गाडीत रेंज एक्सटेंडर होता, ६४७ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन, जनरेटर २५ किलोवॅटच्या आसपास आणि मोटर १२५ किलोवॅटची. युरोपात ड्रायव्हरला बॅटरी ७५ टक्क्यांच्या खाली आली की हवं तेव्हा इंजिन चालू ठेवता यायचं. अमेरिकेत तिथल्या नियमात बसायला ती सोय बंद ठेवली, इंजिन आपोआप चालू व्हायचं ते बॅटरी सहा-सात टक्क्यांवर आल्यावर. लांब चढावर तिथल्या लोकांच्या गाड्या हळू पडल्या, तक्रारी झाल्या. इंजिन तेच, जनरेटर तोच, फरक फक्त चालू कधी करायचं याचा.

८ मार्च

दुसरी फेरी. सगळं तेच, फक्त महेश्वर सोडताना जनरेटर चालू केला, साडेसात युनिट बाकी असताना.

घाटाच्या पायथ्याला ६.९. घाटाच्या माथ्यावर ४.६. व्होल्टेज बसलं नाही, सतरा नंबर सेलसुद्धा शांत. इंदूरला पोचताना १.९ युनिट. गॅस ३.४ किलो. रिक्षाच्या एका सिलिंडरमध्ये बसतो.

९ मार्च

तिसरी फेरी, माल उतरवतानाची पाऊण तास वेळ पण धरली, तेव्हाही जनरेटर चालू. पोचताना ४.८ बाकी. गॅस एक किलोने जास्त गेला, म्हणजे एक सिलिंडर पुरणार नाही. शिवाय महेश्वरच्या गल्लीत उभ्या गाडीत पाऊण तास इंजिनाची गुरगुर कोणी का ऐकावी. माझ्या मते ८ तारखेचीच पद्धत बरोबर, निघताना चालू.

"निघताना" हे मशीनला कसं सांगायचं ते ठरवलं. टक्के बघायचेच नाहीत. पुढे किती किलोमीटर आणि किती चढ बाकी आहे ते बघायचं. किलोमीटरला ०.१४ युनिट, आणि दर १०० मीटर चढाला ०.५८ युनिट (१८०० किलोच्या गाडीला, माल कमी-जास्त झाला की हा आकडा बदलतो). त्यात दोन युनिटची राखीव मिळवायची. हे बॅटरीतल्या युनिटपेक्षा जास्त झालं की जनरेटर चालू. जातानाच परतीचा हिशोब धरला तर तो इंदूर सोडतानाच चालू होईल, म्हणून जनरेटर उरलेल्या वेळात काय देऊ शकतो ते वजा करायचं. म्हणजे तो जेवढा उशिरा चालू होऊ शकतो तेवढा उशिरा होतो पण घाटाच्या आधी नक्की होतो.

१३ मार्च

होळीच्या गडबडीत काम नाही, पण भाऊ आला होता, त्याच्याशी खरं बोलून टाकलं.

त्याला सांगितलं की हा सगळा संच, इंजिन, मोटर, सिलिंडर, फ्रेम, ब्लोअर, मिळून ९५ किलो भरतो. एवढ्याच वजनात दहा युनिटची जास्तीची बॅटरी पण बसते. रोज फक्त महेश्वर आणि फक्त १८४ किलोमीटर असेल तर बॅटरीच बरी, ऑइल बदलायला नको, प्लग नको, आवाज नको. मी जनरेटर बनवतेय म्हणून जनरेटरच घे असं म्हणणार नाही.

तो म्हणाला, ताई, पण माझं रोज महेश्वर नसतं ना. कधी खरगोन, कधी बडवानी, आणि मागच्या आठवड्यात तर माल उतरवल्यावर फोन आला की तिथूनच पुढे सेंधव्याला जा. मला नाही म्हणावं लागलं, गाडी पोचली नसती. बॅटरी संपली की तीन तास, सिलिंडर संपलं की पाच मिनिटं.

हे पटलं मला. ठरलेल्या रस्त्याला बॅटरी, न ठरलेल्याला जनरेटर. मोठ्या ट्रकांमध्येही याचा प्रयत्न झालाय, टेक्सासच्या हायलिऑनने मोठ्या ट्रेलर ओढणाऱ्या ट्रकसाठी सीएनजी इंजिनाचा असाच रेंज एक्सटेंडर बनवला होता आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये ते काम गुंडाळलं. त्यामुळे हे सगळीकडे चालेल असं मी कोणाला सांगणार नाही.

गॅसच्या बाबतीत एक गोष्ट मात्र मला मनापासून आवडते. आपल्या देवगुराडियाच्या बायो-सीएनजी प्लांटमध्ये २०२२ च्या फेब्रुवारीपासून शहराचा ओला कचरा जातो, ५५० टन रोजची क्षमता, आणि त्यातून दिवसाला १७ हजार किलो गॅस निघू शकतो, शहराच्या बसेस त्यावर चालतात. आपल्याच घरातल्या भाजीच्या सालींवर ट्रक घाट चढणार असेल तर मला तो बनवायचाच आहे.

१९ मार्च, रंगपंचमी

गेर (रंगपंचमीची मिरवणूक) असल्यामुळे सगळी मुलं राजवाड्याला. वर्कशॉप बंद. मी आणि बाबा दोघंच, नवा प्रोग्राम चालवून बघितला. हिशोबाने जनरेटर धामनोदच्या सात किलोमीटर आधी स्वतःहून चालू झाला, कोणी बटण दाबलं नाही. पोचताना १.५ युनिट. दोनची राखीव मागितली होती, अर्धं कमी पडलं, कारण सपाटीवर दुपारच्या वाऱ्याचा हिशोब माझ्या ०.१४ मध्ये नाही. ०.१५ करून बघते.

२३ मार्च

०.१५ ने केलं. धामनोदच्या अकरा किलोमीटर आधी चालू, पोचताना २.१.

सतरा नंबर सेल मोजला, बाकीच्यांपेक्षा ११ अँपिअर-आवर कमी. मित्राला पॅक परत करताना हे सांगायचं आहे. इंजिनाचं ऑइल काढलं, ४१ तास झाले होते, काळं पण चुरा नाही.

मंजुरीसाठी कागद काढायला बसलेय. सिलिंडरची टेस्ट तारीख, वायरिंगचा नकाशा, कॉन्टॅक्टरचा क्रम, १८ फेब्रुवारीचं नुकसान आणि त्यावर काय केलं, सगळं जोडणार आहे, लपवणार काहीच नाही. बाबांनी आजच्या फेरीच्या दर दहा मिनिटांच्या नोंदी स्वतः घेतल्या, आरपीएम, अँपिअर, गॅसचं वजन, त्यांच्या जुन्या शेडच्या पद्धतीने रकाने आखून, आणि वर लोको नंबरच्या जागी भावाच्या गाडीचा नंबर लिहिलाय. ते पान फाइलमध्ये सगळ्यात वर लावतेय.